चार बोटं खाली

मित्रांनो, मला चाकं नाहीत, तरी मी गाडी आहे. पुढे दोन लांब पट्ट्या, मागे दातेरी रबरी पट्टा आणि मध्ये एक फाटकी बैठक, असं माझं रूप. मी बर्फावर धावणारी गाडी. धावणारी होते, असं म्हणायला हवं. आता जपानमधल्या गिफूच्या डोंगरात, एका लाकडी शेडमध्ये मी उभी आहे.

समुद्राकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे बर्फ पडत नसे. मी पहिल्यांदा बर्फ पाहिला तो हिराता-सान यांच्या दारात. सान म्हणजे तुमच्याकडचं ‘राव’. हिराता-सान शेतकरी होते आणि शिकारीही. हिवाळ्यात वरच्या वाडीचा रस्ता बंद झाला की तिथे एकच घर जागं राही, फुमी आजींचं. त्यांची औषधं, रॉकेल, तांदूळ आणि टपाल आम्ही दोघं पोचवायचो. सकाळी दहाला आम्ही पोचलो की आजी दारात उभ्या असत. घड्याळ बघायची गरज त्यांना कधी पडली नाही.

माझ्या पोटाखाली स्प्रिंगा आहेत. माणूस माझ्यावर बसला की मागची बाजू खाली बसते. किती बसते, त्यावर माझी सगळी चाल ठरते. फार बसली तर पुढचं टोक हलकं होतं आणि मी वळायचं विसरते. बसलीच नाही तर मागची बाजू उंच राहते, पुढच्या पट्ट्या बर्फात रुततात आणि प्रत्येक उंचवट्यावर मी बसणाऱ्याला उडवते. हिराता-सान हे बोटांनी मोजत. मी चार बोटं खाली बसले की ते म्हणत, "झालं, चला."

नऊ वर्षांपूर्वी एका वळणावर नागोयाची एक मोटार बर्फात फसली होती. मी ती ओढून काढली. आतून उतरले सौमित्र आणि कश्मिरा, मूळचे पुण्याचे. सौमित्र नागोयात मोटारींचे शॉक अॅब्सॉर्बर बनवणाऱ्या कंपनीत होता. दिवसभर संगणकावर स्प्रिंगा ताणायच्या आणि दाबायच्या, हे त्याचं काम. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आभार मानायचे सोडून तो सरळ माझ्या खाली वाकला.

"अरे, आधी थँक्यू म्हण!" कश्मिरा ओरडली. "ज्याच्या-त्याच्या गाडीखाली घुसतोस!"

त्या दिवशी त्याने माझ्या पोटाखालचा, पुढची उसळी आवरणारा छोटा पट्टा एक भोक आवळला, मागची स्प्रिंग एक खाच घट्ट केली. हिराता-सान अंगणात एक चक्कर मारून आले. "गाडी माझं ऐकायला लागली," ते म्हणाले आणि दोघांना जेवायला घेऊन गेले.

तेव्हापासून दर डिसेंबरात ती दोघं यायची. सौमित्र टेप घेऊन मोजायचा, हिराता-सान बोटांनी. दोघांचं उत्तर एकच यायचं. सौमित्र माझ्याशी मराठीत बोलायचा. "बस, बस माझे आई, अजून थोडी." ही भाषा मी अशीच शिकले. कश्मिराचं जपानी नवऱ्यापेक्षा चांगलं होतं. ती बेसनाचे लाडू आणायची आणि जाताना वळचणीला सुकवलेली पर्सिमनची फळं घेऊन जायची. हिराता-सानांना त्यांच्यासमोर हिराता-सान म्हणत, पण आपापसांत ते "काका" झाले होते.

हल्लीच्याच एका हिवाळ्याची गोष्ट. हिराता-सान माझ्यावर बसले. सौमित्रने टेप लावला. मी दोनच बोटं खाली गेले होते.

मला ते उन्हाळ्याअखेरीपासून ठाऊक होतं. शेडमध्ये येऊन हिराता-सान कधीकधी नुसतेच माझ्यावर बसत, आणि दर वेळी थोडे हलके असत. मित्रांनो, ज्याचं ओझं आपण वर्षानुवर्षं वाहतो, त्याचा एक मुठीएवढा भाग कमी झाला तरी कळतो. पण मला सांगता कुठे येतं? मला जे सांगायचं होतं, ते मी दोन बोटांत सांगितलं.

"स्प्रिंग आखडलीय," सौमित्र म्हणाला. "हिराता-सान, वजन चौसष्टच ना?"

"चौसष्ट," हिराता-सान म्हणाले. "भाताचं पोतं आणि मी. आम्ही बदलत नाही."

सौमित्रने माझे सांधे पुसले, नवं ग्रीस भरलं, पुन्हा मोजलं. दोनच बोटं.

कश्मिरा हळूच मराठीत म्हणाली, "सौमित्र, काकांचा चेहरा बघ ना. लाडू पण नुसता हातात धरलाय, खाल्ला नाही. वजन करू या का? घरात तांदळाचा जुना काटा आहे."

"वेडी आहेस का? मोठ्या माणसाला काट्यावर उभं करायचं? त्यांनी सांगितलं ना चौसष्ट."

"तू ऑफिसात असं ऐकून घेतोस का कुणाचं?"

"ऑफिसातली माणसं काका नसतात."

शेवटी कश्मिरानेच लाजत लाजत हिराता-सानांना काट्याचं विचारलं. ते हसले. "आणतो," म्हणून घरात गेले. बऱ्याच वेळाने परत आले, ते शिकारीचा जाड कोट चढवून. "काटा गंजलाय. थंडी फार आहे, पुन्हा एकदा मोजा आणि आत चला."

ते बसले. मी चार बोटं खाली गेले.

"बघ!" सौमित्र आनंदाने म्हणाला. "ग्रीस मुरलं. स्प्रिंगच आखडली होती."

मला मात्र कळलं होतं. माणसाचं वजन श्वासाबरोबर हलतं. त्या कोटाच्या पाठीमागच्या खिशातलं वजन हलत नव्हतं. ते लोखंड होतं.

सौमित्रने चौसष्ट किलोंसाठी स्प्रिंग पक्की केली. निघताना हिराता-सान त्यांना म्हणाले, "गावातली माणसं मला शहरातल्या वृद्धाश्रमात धाडायला बघतात. मग वरच्या वाडीत कोण जाणार? एवढा एक हिवाळा निभावला पाहिजे." सौमित्र म्हणाला, "हिराता-सान, तुम्ही अजून दहा हिवाळे चालवाल." मोटार वळेपर्यंत कश्मिरा मागे बघत होती.

त्यानंतर तो कोट शेडच्या खुंटीवरच राहिला. इतकं ओझं अंगावर घेऊन वरपर्यंत गाडी हाकणं हिराता-सानांना झेपणार नव्हतं. ते पातळ जाकीट घालून माझ्यावर बसत. मागची बाजू उंच, पुढचं टोक जड, अशी मी आडव्या उतारावरून जात असे. दर वेळी मी जपून पाय टाकायचा प्रयत्न केला. पण गाडीला स्वतःचे हात नसतात.

फेब्रुवारीत एका सकाळी बर्फाखाली झाकलेल्या खोडावर माझी पट्टी चढली. मी मागून उसळले, ते उडाले, आणि मी त्यांच्या पायावर कलंडले. औषधांची पिशवी उतारावरून घरंगळत गेली. ते माझ्या बैठकीवर हात ठेवून म्हणाले, "तुझी चूक नाही." फुमी आजींनी साडेदहापर्यंत वाट पाहिली आणि खालच्या गावात फोन केला. दुपारच्या आत माणसं आली.

पाय बरा होणार होता. पण इस्पितळात पोटाचा आजार कळला, आणि तो फार पुढे गेला होता. मार्चमध्ये, बर्फ वितळू लागला तेव्हा, हिराता-सान गेले. फुमी आजींना शहरात नेलं. आता दहा वाजता वरच्या वाडीत कुणाची वाट बघणारं कुणी नाही.

सौमित्र आणि कश्मिरा एप्रिलमध्ये आले. आठवण म्हणून कश्मिरा तो कोट खुंटीवरून काढायला गेली आणि तिच्या हातून तो धपकन खाली पडला. पाठीमागच्या खिशातून जुन्या काट्याची दोन लोखंडी वजनं निघाली, पाच-पाच किलोंची. बरोबर एक लाडू, कडक झालेला.

सौमित्रने ती दोन्ही वजनं तळहातांवर तोलून पाहिली.

"गाडी खरं सांगत होती," सौमित्र माझ्याकडे बघून म्हणाला. "मी तिच्या पोटात ग्रीस भरलं."

"मीच काटा आणायला हवा होता," कश्मिरा म्हणाली. "त्यांनी नाही म्हटलं नसतं. मी आणला असता तर ते उभे राहिले असते."

मग तो माझ्याखाली शिरला आणि स्प्रिंगा सैल करू लागला, एक एक खाच, अगदी शेवटपर्यंत. ताणलेल्या स्प्रिंगा उभ्या गाडीत ठेवू नयेत, दुखावतात, असं तो कश्मिराला सांगत होता. ती दोन वजनं त्यांनी नेली नाहीत. कश्मिराने ती माझ्या बैठकीवर ठेवली आणि वर तो कोट पांघरला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे वर्षानुवर्षं म्हणतं, "मी आहे तसाच आहे." मान राखायचा म्हणून त्यांच्या शब्दावर विसंबून राहू नका. त्यांचा हात हातात घ्या, तो हलका लागतो का बघा. आणि लागलाच, तर दोष स्प्रिंगला देऊ नका.

माझ्या स्प्रिंगा आता सैल आहेत. तरी पहाटे गारठा वाढला की वाटतं, आता ते येतील, बसतील, आणि मी चार बोटं खाली जाईन.