साहेबांच्या टाकीचं खतपाणी

पानाकडे नुसतं पाहून रोपाचं दुखणं ओळखणारी माणसं देव फार थोडी घडवतो, आणि रूपराव त्यांपैकी एक होता. ही माहिती खुद्द रूपरावनंच दिलेली असल्यामुळे तिला दुसरा साक्षीदार नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत तो शेतीचा विस्तार अधिकारी होता. कपाशीची पऱ्हाटी असो की गहू, पान पिवळं दिसलं की त्याचा उपाय ठरलेला : युरिया. उपाय लागू पडला तर सल्ला रूपरावचा, नाही पडला तर दोष पावसाचा.

त्यामुळे एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात बीडीओ साहेब मुलीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला निघाले, तेव्हा आपली कचेरीतली नवी काचेची टाकी त्यांनी त्याच्याच हवाली केली. साहेबांना माशांचा भारी शौक. नागपूरहून आणलेली लोखंडी चौकटीची टाकी, तळाला धुतलेली रेती, रेतीत खोचलेली फितीसारख्या लांब पानांची पाणझाडं. मासे अजून यायचे होते.

"आधी झाडांनी मूळ धरलं पाहिजे. मासे मी येताना आणतो," साहेब म्हणाले. "तुम्ही जाणकार आहात. लक्ष असू द्या." आणि जीपमध्ये बसता बसता, अगदी सहज, "बदल्यांचं मी आलो की पाहू."

सरकारी नोकरीत साहेब सहज बोलले की माणसाची झोप उडते. रूपरावची बायको कोकिळा हिला अर्ज करकरून शेवटी याच गावच्या कन्याशाळेत नोकरी लागली होती. त्याची बदली तळेगावला झाली असती तर एक चूल इथे आणि एक तिथे. हे हेडक्लार्क नत्थूजींना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते रोज चहा घेऊन टाकीपाशीच उभे राहत.

"पानं सडून राह्यली ना जी, रूपरावजी."

"नवी लावण हाये. मान टाकतेच थोडी."

"टाकू द्या, टाकू द्या. तसं तळेगावबी काही वाईट नाई. हवा चांगली, बाजार मोठा."

बाहेर ऊन असं की सायकलच्या सीटला हात लावायची सोय नव्हती. टाकीतलं पाणी कोमट झालं. पानं आधी पिवळी पडली, मग काचेसारखी पारदर्शक झाली, मग विरघळू लागली. रूपराव चपराशाच्याही आधी कचेरीत येऊन काचेला नाक लावून बसू लागला. शेवटी त्यानं आयुष्यभर लोकांना सांगितलं तेच केलं. कपाटातल्या नमुन्याच्या पिशवीतून चिमूटभर युरिया काढला आणि टाकीत सोडला. फरक दिसेना म्हणून आणखी चिमूट. मग चिमटीनं माणूस दरिद्री वाटतो म्हणून मूठ.

फरक दिसला. पाणी हिरवं झालं, इतकं की झाडं आहेत की गेली हेही कळेना.

"अवो, जेवा ना. काऊन असे बसले?" कोकिळानं विचारलं.

"टाकी हिरवी झाली."

"मंग चांगलंच झालं की. हिरवीच पाह्यजे होती ना?"

"झाडं हिरवी पाह्यजे होती. पाणी झालं."

कोकिळानं भाकर परातीत ठेवली. "काय टाकलं त्यात?"

"खत."

"कोनं सांगतलं?"

"मीच सांगतो ना लोकायले!"

"अन् लोक आयकतात?"

साहेब सोमवारी येत असल्याचा फोन आला. रविवारी दोघांनी बंद कचेरीत टाकी उपसली. कोकिळा गडव्यानं पाणी काढत होती, रूपराव बादल्या मागच्या लिंबाच्या आळ्यात ओतत होता. तळ दिसू लागला तशी ती थांबली.

"इकडे या. हे पाहा."

सडक्या देठांच्या बुडाशी तांदळाएवढे हिरवे कोंब फुटले होते. झाडांनी जुनी पानं टाकून नवी धरली होती. त्यांना कोणाच्याच सल्ल्याची गरज नव्हती. रूपरावनं विहिरीचं ताजं पाणी भरलं आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. युरिया रेतीतही मुरला असेल, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

सोमवारी साहेबांनी झाडं पाहिली, मान डोलावली आणि प्लास्टिकच्या पिशवीतले सोनेरी मासे टाकीत सोडले. सगळी कचेरी गोळा झाली. मासे फिरले, खाली गेले. थोड्या वेळानं वर आले आणि तोंडं पाण्याबाहेर काढून धापा टाकू लागले.

"साहेबाले रामराम करून राह्यले," नत्थूजी हळूच म्हणाले.

साहेब हसले नाहीत. "पाण्यात काय आहे?"

एक मासा कुशीवर कलला. गप्प राहिलं तर मासे मरणार, पण उन्हाळ्यावर ढकलता येईल. बोललं तर मासे वाचतील आणि तळेगाव. रूपरावनं कलत्या माशाकडे पाहिलं. तोंड त्याचंही तसंच उघडं होतं.

"साहेब, मासे काढा आधी. मी युरिया टाकलाय."

"किती?"

"शिफारशीपेक्षा... थोडा जास्त."

"कोणत्या पिकाच्या शिफारशीपेक्षा?"

रूपरावनं पिण्याच्या पाण्याचा माठ ओढला आणि ओंजळीनं मासे त्यात सोडले.

"आता आमी पाणी कायचं पेवाव?" नत्थूजींनी विचारलं, पण ऐकायला कोणी रिकामं नव्हतं. कललेला मासा माठात सरळ झाला.

साहेब खुर्चीत जाऊन बसले. "तुमच्याबद्दल मला लिहावं लागेल, रूपराव," एवढंच म्हणाले, आणि खरंच वर लिहिलं. तळेगावच्या बदलीचा हुकूम निघाला. कोकिळानं घरची भांडी दोन ढिगांत वाटली. रूपरावनं तळेगावात खोली पाहून ठेवली.

मग जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या, आणि त्या वर्षीच्या सगळ्या बदल्या रद्द झाल्या.