चिठ्ठ्या नसलेल्या बाटल्या

अक्काच्या हातचा संत्र्याचा मुरंबा चाळीस वर्षं गल्लीभर पोचत होता, आणि एवढ्या वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुझ्याकडे परवाना आहे का. विचारणार कोण? ज्याच्या तोंडात मुरंबा, तो कशाला तोंड उघडतो!

मग गल्लीच्या तोंडाशी नवं दुकान आलं. दुकानदारानं घरगुती पदार्थांसाठी एक फळी राखली आणि अक्काला सांगितलं, "नोंदणीचा नंबर आणा, फळी तुमची. सोमवारपर्यंत थांबतो. पलीकडच्या बिस्किटवाल्या बाई टपूनच बसल्यात."

अक्काला ती फळी हवीच होती. सासूच्या हाताखाली पहिली कढई ढवळली तेव्हापासून तिच्या मनात होतं, की आपली बाटली कधीतरी उजेडात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर उभी राहावी. तिनं अर्ज भरला. नळाचं पाणी तपासून घेतलं, डॉक्टरांकडून निरोगी असल्याचा दाखला आणला, खिडकीला जाळी बसवली, पायानं उघडणारी कचऱ्याची बादली घेतली. शुक्रवारी सकाळी तपासणी होती, आणि अक्काला तिची तिळमात्र काळजी नव्हती.

काळजी होती धाकटीला. धाकटी म्हणजे तिची जाऊ. वय साठ, पण या घरात आली तेव्हाची धाकटी ती अजून धाकटीच. सरकारी माहितीपत्रक तिनं परीक्षेला बसल्यासारखं पाठ केलं होतं.

तपासनीस बाई दहाच्या ठोक्याला आल्या. तिशीतल्या, खांद्याला पिशवी, पायांत आवाज न करणारे बूट. दारातच त्यांनी डोक्याला टोपी चढवली.

"आजी, स्वयंपाकघर कुठं?"

"अक्का म्हणा. आजी म्हटलं की माझे गुडघे दुखतात."

बाई हसल्या आणि कामाला लागल्या. फडताळं उघडली, ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं, जाळी दाबून पाहिली. घरची साखर आणि विक्रीची साखर वेगवेगळ्या कपाटांत होती. पाण्याचा अहवाल होता, दाखला होता. त्या एकेका रकान्यात खूण करत गेल्या. अक्का मागे हात बांधून उभी होती, मुलाचं प्रगतिपुस्तक वाचलं जात असताना आई उभी राहते तशी.

"आणि हा माल?" बाईंनी फळीकडे बोट केलं.

दुकानासाठी केलेल्या चोवीस बाटल्या तिथं ओळीनं मांडलेल्या होत्या. आता अक्काची एक रीत होती. मुरंबा एक, पण प्रत्येकाचा वेगळा. डॉक्टरांना साखर कमी, कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना साल बारीक, मास्तर काडीपहिलवान म्हणून त्यांच्या बाटलीत बदामाची पूड. आणि समोरच्या टेलरबाईंना बदाम अजिबात नाही. झाकणावर फक्त माणसाची चिठ्ठी असायची. आत काय, ते अक्काच्या डोक्यात. दुकानाचा माल करतानाही तिनं हेच केलं होतं; ओळखीचीच माणसं तिथून घेणार, मग हात बदलायचा कशाला?

"ही टेलरबाईंची," असं म्हणत तिनं दुसऱ्या ओळीतली तिसरी बाटली उचलली, आणि तिचा हात तसाच राहिला. झाकण कोरं होतं. तिनं शेजारची पाहिली. कोरी. सगळ्या चोवीस कोऱ्या, आरशासारख्या लखलखीत.

"धाकटे, चिठ्ठ्या कुठं गेल्या?"

"काढल्या की," धाकटी अभिमानानं म्हणाली. "पत्रकात लिहिलंय, बाटलीवर जुनं लेबल राहता कामा नये. पहाटे उठून कोमट पाण्यानं एकेक सोडवली. आणि नीट दिसाव्यात म्हणून उंच मागे, बुटक्या पुढे लावल्या."

"अगं, जुनं म्हणजे दुसऱ्या मालाचं! मेथीच्या भाजीबरोबर जुडीचा दोरा शिजवणारी तू!"

"असं पत्रकात नव्हतं," धाकटी पुटपुटली.

तपासनीस बाईंनी पेन उघडलं. "ठीक आहे. या बाटलीत काय आहे, तेवढं सांगा."

संत्री, साखर, लिंबाचा रस. तीन नावांचं काम. चोवीसांपैकी बदामाच्या फक्त तीन. ही त्यांतली नसणारच बहुधा. अक्कानं बाटली खिडकीच्या उजेडात धरली. केशरी रंग, आत सालीचे तुकडे. बारीक पूड काही दिसत नाही, दिसू नये म्हणूनच ती तितकी बारीक करायची.

तिला सहा वर्षांपूर्वीची दुपार आठवली. टेलरबाईंनी कुणाच्या तरी घरचं एकच बिस्किट खाल्लं होतं, बदामाचं. मशीनवरून उठून त्या अक्काच्या दारापर्यंत आल्या तेव्हा ओठ सुजले होते आणि घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांनी अक्काचं मनगट असं धरलं होतं, की चार दिवस वळ गेला नाही.

"मला माहीत नाही," अक्का म्हणाली.

धाकटीच्या हातातलं फडकं खाली पडलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून हे वाक्य तिनं अक्काच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"मग यांचं काय?"

"यातली एकही विकणार नाही. लिहून घ्या."

बाईंनी लिहून घेतलं. मग घड्याळ पाहिलं. "मला या भागात अजून दोन घरं आहेत. चारला परत येते. लेबल लावलेला माल दाखवलात, तर आजच सही करते, उद्या नंबर मिळेल. एकच कृती, सगळ्या बाटल्यांत तीच. घटक वजनाच्या क्रमानं, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं, पत्ता. आणि शेवटी एक ओळ, या स्वयंपाकघरात बदाम वापरले जातात."

"पण यात बदाम घालणारच नाही मी!"

"घरात आहेत ना? त्याच मिक्सरमध्ये, त्याच चमच्यानं?"

अक्कानं क्षणभर विचार केला. ती ओळ वाचून टेलरबाई बाटली परत फळीवर ठेवणार, आणि ठेवायलाच हवी.

"आणि घरात नसलेच तर?"

"भांड्यांसकट बाहेर गेले, ओटा धुतला आणि पुन्हा आणणार नाही असं लिहून दिलंत, तर ती ओळ नको."

"चारला या," अक्का म्हणाली. "उशीर करू नका, मी थांबत नसते."

पुढचे पाच तास त्या घरात पाहण्यासारखे होते. बदामाचा डबा, मिक्सरचं छोटं भांडं, दोन लाकडी चमचे, सगळं बाहेर गेलं. चोवीस बाटल्या धाकटीच्या खोलीत गेल्या. "माझ्या कपाटात? साड्यांत?" ती ओरडली. "ज्यानं चिठ्ठ्या सोडवल्या, त्यानं सांभाळाव्यात," अक्का म्हणाली. दोघींनी ओटा दोनदा धुतला. मग आयुष्यात पहिल्यांदा अक्कानं साखर काट्यावर तोलली. धाकटीनं गंमत म्हणून आधी तिला ओंजळीनं मोजायला लावली होती, आणि आठ ओंजळींत हव्या त्या वजनापेक्षा काट्यावर फक्त चार ग्रॅमचा फरक निघाला.

"काटा चुकतोय," अक्का म्हणाली.

चार वाजता ओट्यावर सहा नव्या बाटल्या उभ्या होत्या. लेबलं अक्काच्या अक्षरात, रेघ ओढून: संत्री, साखर, लिंबाचा रस; खाली वजन, तारखा, पत्ता. तपासनीस बाईंनी एक बाटली तोलली, लेबल वाचलं, बदामाचा डबा कुठं गेला ते विचारलं, पुन्हा बदाम आणणार नाही असं अक्काकडून लिहून घेतलं आणि सही केली.

सोमवारी दुकानात टेलरबाईंनी चष्मा पुसून लेबल वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग कुणालाही काही न विचारता बाटली पिशवीत टाकली. काउंटरजवळ उभ्या असलेल्या अक्काला "यात बदाम नाही ना?" असं त्यांनी विचारण्याचीच सवय होती. तिनं उगाचच पदर सारखा केला.

मास्तरांनी मात्र तक्रार केली. "अक्का, माझ्या बाटलीत काहीतरी कमी आहे."

"तुमचं घरी पोचलंय," अक्का म्हणाली. "अख्खा डबा. मुरंबा खा आणि वरून बदाम चावा. दात आहेत तोवर."