पाटल्या राखणारं कुलूप

जरा लांबूनच बोला. हात लावायचा नाही. तुम्ही कोण, कुठून आलात, कुणी पाठवलं, हे कळल्याशिवाय मी कुणाशी मोकळेपणानं बोलत नाही. पण इतका वेळ टक लावून बघतच आहात, म्हणून सांगतो. मी एक पितळी कुलूप. सिंगापूरला, वुडलँड्समधल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये, सरोजिनीबाईंच्या लोखंडी कपाटावर माझा मुक्काम असतो. संशय घेणं हा माझा धर्म आहे. कुलूप विश्वास ठेवायला लागलं की त्याची रवानगी भंगारात.

माझा जन्म अलिगढचा. ज्या कारागिरानं मला घडवलं त्यानं मला कडीला धरून हिसके दिले, ठोकलं, आपटलं, आणि मी उघडत नाही अशी खात्री झाल्यावरच खोक्यात टाकलं. लहानपणीच असे संस्कार झाले, मग स्वभाव दुसरा कसा होणार? तिथून मी मुंबईला मशीद बंदरच्या एका दुकानात आलो. पहिल्यांदाच बोटीवर निघालेल्या एका तरुण इंजिनियरनं मला उचललं आणि दुकानदाराला पुन्हा पुन्हा विचारलं, "तिसरी चावी नाही ना कुठे?" हे दिलीपराव. मला ते त्याच क्षणी आवडले.

बोटीवर मी त्यांच्या ट्रंकेला असायचो. त्या वर्षांत मी एकूण एक खलाशावर संशय घेतला. कोण बंकजवळ उगाच घुटमळतं, कोण काडी मागायच्या निमित्तानं वाकतं, सगळ्यांवर माझी नजर असायची. दिलीपराव ड्यूटीवर निघताना मला एक हिसका देऊन बघायचे आणि मगच खाली इंजिनरूममध्ये उतरायचे. त्यांचा कान फार तिखट. मशिनवर हात न ठेवता, नुसतं ऐकून ते सांगायचे की आत कुठला भाग कुरकुरतोय. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग बोटीवरची नोकरी सुटली. सिंगापूरच्या एका शिपयार्डात नोकरी मिळाली, सरोजिनीबाईंशी लग्न झालं, इथल्या नागरिकत्वाचा लाल पासपोर्ट हातात आला, हा फ्लॅट झाला. कपाटाचं स्वतःचं कुलूप बिघडलं तेव्हा दिलीपरावांनी दाराला कडी-कोयंडा ठोकला आणि मला तिथे अडकवलं. चावी सरोजिनीबाईंच्या गाऊनला सेफ्टी पिननं लावलेली असते. आंघोळीला जातानाही ती त्यांच्या नजरेआड होत नाही. आमचं दोघांचं त्यामुळेच जमलं.

आता मुद्द्याचं बोलतो. कपाटाच्या दाराला आतून एक हूक आहे. त्याला लाल फडक्याचं एक गाठोडं टांगलेलं असायचं. त्यात चार पाटल्या. दार लावलं की त्या एकमेकींवर आपटायच्या आणि किणकिण व्हायची. तेवढा आवाज झाला की मी निश्चिंतपणे बंद व्हायचो.

त्या पाटल्या काही माहेरून आल्या नव्हत्या, नवऱ्यानंही घेऊन दिल्या नव्हत्या. बाईंनी त्या पोटाला चिमटा काढून केल्या होत्या. आमटी पातळ केली. बाजाराच्या पिशव्या घेऊन बसऐवजी पायी आल्या. शेजारीपाजारी घरोघरी एसी लागले तेव्हा यांनी खिडकीत ओला टॉवेल वाळत घातला. थोडे पैसे साठले की लिटल इंडियातल्या सोनाराकडे जायचं आणि इवलंसं वळं घेऊन यायचं. बऱ्याच वर्षांनी ती सगळी वळी मोडून पाटल्या घडवल्या. मूलबाळ नाही. "ह्या माझ्या मागच्या दिवसांच्या," त्या म्हणायच्या. म्हणजे दिलीपराव गेल्यानंतरच्या. हे त्या मोठ्यानं बोलायच्या नाहीत, माझ्यात चावी फिरवता फिरवता पुटपुटायच्या. मी ऐकलेलं कधी बाहेर जाऊ दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दिलीपरावांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. साठवलेला फंड औषधपाण्यात वितळला. बाईंचं वय झालेलं, कंबर धरलेली, आणि हा एवढा उंचापुरा माणूस उचलून खुर्चीत बसवायचा. एकदा दोघंही बाथरूमच्या दाराशी पडले आणि शेजारी येईपर्यंत तसेच बसून राहिले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घरी मदतीला बाई ठेवा, नाहीतर यांना नर्सिंग होममध्ये ठेवावं लागेल. ते ऐकून दिलीपरावांनी डाव्या हातानं बाईंचा पदर धरला तो सोडला नाही.

अशा वेळी परेश आला. परेश म्हणजे दिलीपरावांचा पुतण्या. आयटीत मॅनेजर, ईस्ट कोस्टला महागड्या कॉन्डोत राहतो, दर रविवारी फळं घेऊन येतो. माझा त्याच्यावर पहिल्यापासून संशय. येतो तेव्हा त्याची नजर आधी काकांकडे जाते, मग काकूंकडे, मग माझ्याकडे.

"काकू, मी दरमहा थोडे देईन, पण माझंच काही खरं नाही," तो म्हणाला. "नोकरी गेली की इथं राहायचा पास गेला. मग महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. तुम्ही सरकारी मदतीचा अर्ज करा. तुम्ही सिटिझन आहात, तुमचा हक्क आहे."

"देतील?"

"घरी येऊन बघतात. शिल्लक किती ते विचारतात. बँकेत तर काही उरलंच नाहीये." मग तो माझ्याकडे बघून आवाज खाली आणत म्हणाला, "आणि त्याचं काही बोलू नका. सोनं काय कुणाला दिसतंय?"

पाहिलंत? त्याला ठाऊक होतं! कसं, ते मला अजून कळलेलं नाही. मी त्या दिवसापासून जास्तच आवळून बसलो.

मदतीच्या ऑफिसातली बाई येणार म्हणून सरोजिनीबाईंनी घर गरीब करायला घेतलं. तुम्ही हसाल, पण खरंच. चांगले कप आत गेले, कान तुटलेले बाहेर आले. चांदीची वाटी, निरांजन, भिंतीवरचं घड्याळसुद्धा माझ्या मागे कपाटात आलं. सोफ्यावर फाटका अभ्रा चढला. आयुष्यभर ज्या बाईनं फाटकं शिवून नव्यासारखं वापरलं, ती आता फाटकं शोधत होती. मला ते बघवेना.

मिस लिम आल्या. तरुण, चष्मा लावलेल्या, हातात टॅब. मी चावीच्या भोकातून त्यांना नीट पारखलं. बोलणं गोड. गोड बोलणाऱ्यांची मला भीती वाटते. त्यांनी दिलीपरावांची चौकशी केली, बाथरूम पाहिलं, औषधं पाहिली. मग विचारलं, "आंटी, एनी सेव्हिंग्ज? कॅश? ज्वेलरी?"

"नो. नथिंग," बाई म्हणाल्या. त्यांचा हात गाऊनवरच्या चावीवर गेला. दिलीपरावांनी डोळे मिटून घेतले.

मिस लिमनी टॅबवर बोट फिरवलं. "ओके, आंटी." झालं, सुटलो, असं मला वाटलं. त्या उठायला लागल्या आणि उठताना त्यांनी एक हात कमरेवर ठेवला. सैल कपड्यांतून तोवर दिसलं नव्हतं, ते आता दिसलं.

"अगं बाई!" सरोजिनीबाई म्हणाल्या. "फर्स्ट वन? कितवा? मंथ, मंथ?"

"सेव्हन, आंटी."

मग जे व्हायचं तेच झालं. सातव्या महिन्यातली पोर दारात आली आणि ओटी न भरता रिकामी गेली, असं आमच्या घरात होणं शक्य नाही. बाईंच्या डोक्यातून अर्ज गेला, सोनं गेलं, परेशनं बजावलेलं गेलं. नारळ स्वयंपाकघरात होता, तांदूळ होते. पण खण कपाटात! त्या तडक माझ्याकडे आल्या, पिन काढली आणि चावी घातली.

मी अडून बसलो. जीव खाऊन अडून बसलो. अहो, काय करताय, ती अजून घरात आहे, असं ओरडावंसं वाटलं. बाईंनी चावी पिळली, मला दणका दिला, पुन्हा पिळली, आणि कडी सुटताच तिरमिरीत दार ओढलं. त्या हिसक्यानं हुकावरचं गाठोडं निसटलं, फरशीवर आपटलं, गाठ सुटली. एक पाटली लोळत लोळत गेली आणि मिस लिमच्या चपलेला टेकून थांबली.

मी कोयंड्याला उघडा लटकत होतो. मी अडलो नसतो तर दार हळूच उघडलं असतं, हे मला तेव्हाच कळलं.

मिस लिमना वाकवत नव्हतं. बाईंनीच पाटली उचलली. मग त्यांनी काय करावं? आधी ओटी भरली. कुंकू लावलं, खण, नारळ, तांदूळ त्या मुलीच्या ओटीत घातले. आणि मगच समोर बसून म्हणाल्या, "आता लिही. मी खोटं बोलले."

"आंटी, आय मस्ट राइट. कॅनॉट डोन्ट राइट." मिस लिम म्हणाल्या.

"लिही ना! पण मला एक सांग. समोरच्या घरातला अंकल जन्मभर लॉटरीचे नंबर लावत बसला. त्याला मदत मिळते. मी जन्मभर खाल्लं नाही, ल्यायले नाही, म्हणून मला नाही? साठवलं हा माझा गुन्हा झाला का?" हे त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, पण राग अजिबात मोडका नव्हता.

"माय मदर ऑल्सो आस्क मी द सेम थिंग," मिस लिम म्हणाल्या. त्यांनी ओटीतला नारळ सावरला. "बट आंटी, दॅट अंकल हॅज नथिंग लेफ्ट. रियली नथिंग. इफ आय गिव्ह यू फर्स्ट, हिम हाउ?"

मी त्या मुलीत खोट शोधत होतो आणि ती सापडत नव्हती, याचाच मला राग येत होता. तिनं सांगितलं की आधी ह्या पाटल्या विकून मदतीला बाई ठेवा, ते पैसे संपत आले की या, मी स्वतः बघीन. "आणि ते संपल्यावर मी म्हातारी एकटी उरले तर?" बाईंनी विचारलं. ओटीतलं सगळं तिनं टेबलावर ठेवलं. ऑफिसच्या लोकांना काही घेता येत नाही, म्हणे. तांदळाचे चार दाणे मात्र तिच्या मुठीत राहिले होते. ते तिनं टाकले नाहीत, हे मी पाहिलं.

परेश संतापला. "काकू, खण काय मागून कुरियरनं पाठवता आला नसता?" बाई म्हणाल्या, "ओटी कुरियरनं भरतात का रे?" शेवटी त्यानंच गाडीतून त्यांना सोनाराकडे नेलं. परतताना तो बाईंपेक्षा जास्त रडवेला झाला होता. त्याच्यावरचा माझा संशय थोडा कमी केलाय. पूर्ण नाही.

आता रोज सकाळी मदतीची बाई येते. दिलीपराव दाढी केलेले, स्वच्छ, खिडकीशी खुर्चीत बसतात. नर्सिंग होमचं नाव कुणी काढत नाही. पाटल्या विकल्या, हे त्यांना सांगितलेलं नाही; मदतीच्या बाईचा पगार परेश देतो, असं सांगितलंय. मिस लिमनी विकायचं सुचवलं तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे पाठ करून आवाज खाली आणला होता. "त्यांना वाटू दे माझ्यापाशी काहीतरी आहे. नाहीतर ते सुखानं जेवायचे नाहीत," असं त्या परेशला म्हणाल्या.

म्हणून मी अजून इथे आहे. आत काय आहे? साड्या, दोन लाल पासपोर्ट, आणि त्या मुलीचा परत आलेला खण. बाळाला घेऊन ती कधी नुसती पाहुणी म्हणून आली तर तिला द्यायचा आहे. आणि हो, हुकावर लाल फडक्याचं गाठोडं आहे. बाईंनी त्यात स्टीलचे चमचे बांधलेत, दार लावताना किणकिण व्हावी म्हणून.

आता तुम्हाला कान तिखट असण्याची गोष्ट आठवली असेल. सोनं कसं वाजतं आणि स्टील कसं, हे कुणाला कळेल? ज्यानं सारं आयुष्य इंजिनं ऐकण्यात काढलं त्याला.

काल संध्याकाळी दिलीपरावांनी खुर्ची कपाटाजवळ आणायला लावली. डावा हात वर केला आणि मला धरलं, बोटीवर धरायचे तसंच. एक हिसका दिला. आत चमचे वाजले. मी सगळा जोर लावून बंद राहिलो. इतक्या वर्षांत मालमत्तेसाठी जेवढा जोर लावला नसेल, तेवढा त्या रिकाम्या कपाटासाठी लावला.

"आहे ना गं?" त्यांनी विचारलं.

"आहे हो," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"बरं," ते म्हणाले. पण हात लगेच काढला नाही. अंगठा माझ्यावरून फिरवत राहिले, आणि बाईंना दिसू नये म्हणून तोंड खिडकीकडे केलं.

त्यांना सगळं कळलंय, असा मला दाट संशय आहे. तुम्हाला एवढीच विनंती, बाहेर कुठे बोलू नका. मी जन्मभर चोरांपासून घर राखलं. आता ही दोन म्हातारी माणसं एकमेकांपासून जे लपवतायत, तेवढं मला राखू द्या.