इंजिनाच्या उशाशी

पंचफुलाने हातातल्या बांगड्यांना चिंध्या गुंडाळल्या, तेव्हा तिच्या सासूने, मंजुळाबाईने, कपाळाला हात लावला.

"सवाशिनीच्या बांगड्यांचा आवाज बंद! असं तं म्या सात जन्मात पाह्यलं नाई वं माय."

पंचफुलाचं ध्यान मांडीवरच्या चांगुणाकडे होतं. पोर तिसरं उलटून चौथ्यात आलेली, अंगाने चिपाडासारखी, आणि डोळे असे टक्क उघडे की पापण्या मिटायच्या असतात हे तिला कुणी सांगितलंच नसावं. इतर लेकरांना आवाज ऐकू येतो, हिला तो टोचायचा. पळी परातीत पडली की ही दोन्ही कान दाबून भिंतीला चिकटे. उन्हाची तिरीप तोंडावर आली की चटका बसल्यासारखी किंचाळे. शिवण अंगाला लागलेली खपत नसे, म्हणून तिची झबली उलटी घालावी लागत. झोप राहून राहून चढली की भिंतीवर डोकं आपटायची, अन्न टाकायची. मेहकरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. गावातल्या बायांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. पंचफुला अमरावतीच्या कॉलेजात बी.ए.पर्यंत शिकलेली. तिने औषध दिलं, ओवाळूही दिलं, आणि त्याहून जास्त म्हणजे पाहत राहिली. लेकरू कशाने दचकतं, कशाने निवतं, हे पाहण्यात तिचे दिवस जात.

आणि पाहता पाहता तिला कळलं, पोरीला अंधार हवा आणि शांतता हवी. मग तिने दुपारचीच रात्र करायला घेतली. खिडकीत कुटाराची, म्हणजे कडब्याच्या भुशाची, पोती रचली. त्यावर काळी घोंगडी ठोकली. छपराच्या कवेलूंच्या फटीत ओल्या चिंध्या कोंबल्या, दाराच्या बिजागरीत तेल सोडलं. ज्वारीच्या दोन लहान पिशव्या शिवल्या आणि पोरीच्या पायांवर ठेवल्या. वजनाने पोर शांत होते, हेही तिने पाहूनच शोधलं होतं. त्या अंधारात चांगुणा पहिल्यांदा दुपारभर निजली, तेव्हा पंचफुला उंबऱ्यावर बसून रडली, तेही नाक न ओढता.

हे सुख आठवडाभर टिकलं. मग इंद्रभानने डबा टांगला.

इंद्रभान म्हणजे तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, घराचा कर्ता. बायको वारल्यापासून त्याचा सगळा जीव गिरणीत. महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली त्याने घराला लागून पिठाची गिरणी घातली होती. गिरणीवाल्यांची एक रीत असते. इंजिनाचं धुराचं नळकांडं भिंतीतून बाहेर काढायचं आणि त्याच्या तोंडाशी रिकामा डबा टांगायचा. साधी पुकपुक मग अशी खणखणते की कोसभर ऐकू जावी. शेजारच्या वाड्यांतल्या बाया तो आवाज ऐकूनच दळणाच्या टोपल्या डोक्यावर घेतात. इंद्रभानला एवढे दिवस डब्याची गरज नव्हती. पण गावाच्या दुसऱ्या टोकाला उत्तमरावाने गिरणी घातली, तसा याने तुपाचा मोठा डबा आणला. नळकांडं होतं नेमकं पंचफुलाच्या खिडकीखाली.

आता भासऱ्याशी बोलायचं कसं? धाकट्या सुनेने भासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही, त्याच्या वाटेत यायचं नाही. त्याने खाकरायचं, तिने पदर ओढून बाजूला व्हायचं. चुकून पदर लागला तर भासऱ्याने अंघोळ करून दिवसभर उपास धरायचा. इंद्रभान तर यात फार कडक. आदल्या दिवाळीत पंचफुलाच्या पदराचं टोक त्याच्या धोतराला लागलं, तर त्याने भर सणाचा उपास केला आणि चारचौघांत मिशीला पीळ देऊन सांगितलंही. तेव्हा बोलणं व्हायचं ते सासूला मधे घालून.

"आत्याबाई," पंचफुला दाराआडून म्हणाली, "त्यांना म्हणा, दुपारच्या वक्ती तेवढा डबा काढा. लेकरू निजत नाही."

मंजुळाबाईने मान वळवली. "इंद्रभान, ते म्हनते..."

"आयकलं म्या, बहिरा नाई. तिले म्हना, डबा काढला तं गिऱ्हाईक त्या उत्तमाकडे जाते. मंग काय तुह्या पोरीची झोप दळू का गिरनीत?"

"पंचफुले, तो म्हनते..."

"ऐकलं, आत्याबाई."

"मंग मले काऊन मधात उभं केलं बाप्पा तुमी दोघायनं?" म्हातारी वैतागली. "दोघंही आयकून राह्यले, अन् मान माही दुखते!"

इंद्रभान जाता जाता म्हणाला, "लाडानं नासोली पोट्टी. गोऱ्हा भडकत असला तं आपुन काय करतो? कानाशी डबा वाजवतो. चार दिवस वाजवला का कान मरते त्याचे. मंग शंकरपटाच्या शर्यतीत बी बिचकत नाई."

पंचफुलाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला.

दोन दिवसांनी पोरीला सासूपाशी निजवून ती धुणं घेऊन नदीवर गेली. परत आली तर खिडकी उघडी, घोंगडी अंगणात, पोती फोडून कुटार म्हशीपुढे. खोलीत पांढरंफटक ऊन, आणि पोर नाही. ती गिरणीच्या दाराशी धावली. इंजिन चालू होतं. पट्टा फटफटत होता. इंद्रभान पोरीला मांडीवर घेऊन इंजिनापाशी बसला होता, आणि तिचे दोन्ही हात त्याने आपल्या एका मुठीत धरून ठेवले होते, कान झाकता येऊ नयेत म्हणून. चांगुणा रडत नव्हती. तिचे ओठ निळे पडले होते आणि बुबुळं वर गेली होती.

"पाह्य माय," तो पलीकडे उभ्या आईला ओरडून सांगत होता, "झाली का नाई गप?"

पंचफुलाने पदराचं भान न ठेवता पुढे होऊन पोर उचलली आणि घराकडे पळाली. त्या दिवसापासून चांगुणा आईच्या हातालाही दचकायला लागली. दिवसा नाही, रात्री नाही, झोप म्हणून नाही. केरसुणी सरकली तरी अंग काडीसारखं ताठ. डोळ्यांखाली काळं धरलं. तोंडाशी धरलेली पेजेची वाटी ती हाताने लोटून देई.

शनिवारी अर्जुनराव आले. पंचफुलाचे यजमान मेहकरला शाळेत मास्तर होते. सगळं ऐकून ते खूप वेळ चष्मा पुसत बसले.

"दादाच्या मनात वाईट नव्हतं गं."

"मनात काय होतं ते त्यांचं त्यांच्यापाशी राहू द्या. हातांनी काय केलं ते मी पाहिलं."

"मग काय करू म्हणतेस? दादाला बोलणारा या घरात कोण आहे?"

"तुम्ही काही करू नका," पंचफुला म्हणाली. इतकं शांत, की अर्जुनरावांना बरं वाटलं. बिचारे सोमवारी निश्चिंत मनाने मेहकरला गेले.

पंचफुला मात्र भाकरी थापताना मनात इंजिनात वाळू ओतत होती, पट्टा विळ्याने कापत होती. पण वाळू काढता येते, पट्टा नवा मिळतो. तिला असं काही हवं होतं की जे इंद्रभानला गावासमोर सोसावं लागेल आणि कुणाला सांगता यायचं नाही. आणि एका सकाळी, तो खाकरला आणि ती सवयीने बाजूला झाली, त्या क्षणी तिला ते सापडलं. बाजूला झालेच नाही तर?

साखरखेर्ड्याच्या बाजाराचा आदला दिवस गिरणीच्या गर्दीचा. त्या दिवशी सकाळचं दळण उरकून इंद्रभान जेवायला गेला, तशी पंचफुलाने घोंगडी घेतली, ज्वारीच्या पिशव्या घेतल्या, पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि गिरणीत शिरली. भासऱ्याचं भय तिला राहिलं नव्हतं, भय होतं ते लेकराचं. जिथे पोरीचं काळीज फाटलं तिथेच तिला न्यायची! आपला सूड काढायला आपण पोरीला तर नाही वापरत? तेलाच्या वासाने चांगुणाचं अंग ताठ झालंच. पंचफुला तिथेच फिरणार होती. पण बंद इंजिनाच्या त्या खोलीला खिडकी नव्हती, भिंती हातभर जाड दगडाच्या, आणि खाली पिठाचा असा मऊ थर की स्वतःचं पाऊलही वाजेना. इंजिनाच्या हँडलखाली तिने घोंगडी अंथरली, दार लोटून घेतलं, पोरीवर पदर टाकला, पायांवर पिशव्या ठेवल्या. बराच वेळ गेला. मग तिच्या दंडावरची ती बारकी मूठ सैल पडली. चांगुणा निजली होती.

बाहेर टोपल्या जमल्या. इंद्रभान आला, त्याने दार ढकललं आणि जागच्या जागी थबकला. तो खाकरला. पंचफुलाने पदर नाकापर्यंत ओढला आणि तशीच बसून राहिली. तो पुन्हा खाकरला.

"काय झालं वं?" रांगेतली अंबूबाई डोकावली. जिभेने ही बाई गावात मिरचीपेक्षा तिखट. "अगं माय! भावजय निजली का इंजिनाच्या उशाशी? मारा की हँडल, इंद्रभानजी. जरासा पदर लागन, होईन एक उपास. दिवाळीले नव्हता का केला?"

बाया खुसखुसल्या. हँडल मारून इंजिन चालू करणं इंद्रभानशिवाय कुणाला जमत नव्हतं, त्याने ते कुणाला शिकवलंच नव्हतं. त्याने आईला बोलावून आणलं.

"माय, तिले म्हना उठ."

मंजुळाबाई आत गेली. निजलेल्या नातीकडे तिने पाहिलं आणि तिचा आवाज आपोआप खाली आला. "पंचफुले, काय मांडलं हे? उठ बापा."

"आत्याबाई, त्यांना म्हणा, आधी डबा काढा. आणि तो वाजता कामा नये. लेकरू जागं झालं तर मी पुन्हा पहिल्यापासून निजवीन."

म्हातारीने बाहेर येऊन सांगितलं. इंद्रभानचं तोंड वांग्यासारखं झालं. त्याने रांगेकडे पाहिलं. पोरगी वर्षभर निजली नाही तरी चाललं असतं, पण बाजाराच्या आदल्या दिवशी गिरणी बंद राहून कशी चालेल? तो शिडी घेऊन भिंतीवर चढला. वर गेल्यावर डब्याची तापलेली तार हातांना झोंबत होती. सगळ्या गावादेखत, डोक्यावर ऊन घेत, घराच्या कर्त्याने तो डबा कोंबडीच्या अंगाखालची अंडी काढावी तसा सोडवला, पोटाशी धरला आणि एकेक पायरी चाचपत खाली आणला.

"आता उठ म्हना."

"त्यांना म्हणा, दुपारी गिरणी बंद. ऊन कलल्यावर चालवा."

रांगेत आता हसू मावेना. "आमी उन्हात उभं राहू काय वं तवर?" अंबूबाईने टोपली डोक्यावर घेतली. "चला वं बायायहो, उत्तमरावाची गिरनी काई दूर नाई." एकीमागे एक टोपल्या निघाल्या. इंद्रभान त्यांच्या पाठी पाहत राहिला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माय, तिले म्हना, हो. दुपारी बंद. मंजूर. आता तरी उठ म्हना."

मंजुळाबाईने आत येऊन निरोप दिला. पंचफुलाने ऐकला. जे मागितलं ते सगळं मिळालं होतं. तरी ती उठली नाही. भासऱ्याच्या मुठीत धरलेले ते दोन लहान हात तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हते.

"त्यांना म्हणा," ती म्हणाली, "लेकरू निजलंय. उठेल तेव्हा उठेल. तोवर त्यांनी दारात बसावं, आणि कुणी हाक मारली तर बोटाने गप करावं. मोठ्याने बोलायचं नाही, खोकायचं नाही."

मंजुळाबाईने सुनेकडे पाहिलं. बाहेर गेली, निरोप सांगून आली, आणि गुडघे धरत हळूच घोंगडीच्या कोपऱ्यावर टेकली.

"बसला का?" पंचफुलाने विचारलं.

"बसला. उन्हातच बसला. इंजिन पायजे तं दुसरं काय करन?"

"बसू द्या."

म्हातारीने बराच वेळ नातीचा श्वास ऐकला. "अन् उद्या वं?"

"उद्याचं उद्या, आत्याबाई. आजचं अजून फिटलं नाही," पंचफुला म्हणाली, आणि पाय लांब करून लेकराशेजारी आडवी झाली.