खालचा पुट

धनेश भोईरचं लग्न झालं तेव्हा तो पडघ्याच्या एका गोदामात डिस्पॅच सुपरवायझर होता आणि प्राजक्ता कल्याणला एका विमा एजन्सीत क्लेमचे कागद तपासायची. शेअर बाजाराचा नाद धनेशचा. जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइलवर ऑप्शन विकत बसायचा, आणि घरी आला की त्याच्याच गप्पा. प्राजक्ता आधी नुसती हो-हो करायची. मग एका रविवारी तिनं त्याला समोर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून समजून घेतलं.

"म्हणजे तू लोकांना विमा विकतोस," ती म्हणाली.

"कसला विमा?"

"आत्ता तूच सांगितलंस ना? तू हे पुट ऑप्शन विकतोस. बाजार अमुक पातळीच्या खाली गेला तर समोरच्याचं नुकसान तू भरून देणार, नाही गेला तर त्याचा प्रीमियम तुझ्या खिशात. मग विमाच झाला की हा. आमच्या कंपन्या असे विमे विकतात ना, त्या स्वतःचाही विमा काढून ठेवतात. तुझा कुठाय?"

धनेश हसला, पण दुसऱ्या दिवसापासून त्यानं तिचं ऐकायला सुरुवात केली. एक पुट विकला की त्याच्यापेक्षा बऱ्याच खालच्या पातळीचा, स्वस्तातला एक पुट विकत घ्यायचा. त्यात मिळकत थोडी कमी व्हायची, पण बाजार कितीही कोसळला तरी नुकसान एका जागी थांबायचं. बाजारातली माणसं याला हेज म्हणतात. प्राजक्ता म्हणायची, "खालचा घेतलास ना?"

पुढे प्राजक्ताच्या वडिलांची, हिरामणशेठची, पडघ्याची जमीन गोदामवाल्यांनी घेतली. हिरामणनं मुलाला, भावेशला, जेवढा वाटा दिला तेवढाच मुलीला दिला. गावात लोक हसले. पोरीला कोण असं देतं, असं भाऊबंद तोंडावर बोलले. हिरामण म्हणाला, "जमीन माजी व्हती. पोरगी बी माजीच हाय." प्राजक्तानं तो पैसा धनेशच्या ट्रेडिंगच्या खात्यात घातला, आणि पुढच्या दिवाळीच्या सुमारास दोघांनी नोकऱ्या सोडल्या.

नारपोलीत त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली आणि मागे सगळे लूम, कापड विणायचे माग. दिवसभर खटखट चालू असायची, इतकी की बाहेरचा माणूस आला की मोठ्यानं बोलायचा आणि या दोघांना त्याचं हसू यायचं. खिडकीशी एक टेबल, त्यावर लॅपटॉप, पुढे दोन खुर्च्या. सकाळी बाजार उघडला की दोघं शेजारी बसायचे. काय विकायचं ते धनेश ठरवायचा, कधी सोडायचं ते प्राजक्ता. एखादा सौदा उलटा जायला लागला की धनेशचं सुरू व्हायचं, "थांब, फिरेल, आत्ता फिरेल." प्राजक्ता एकच शब्द बोलायची, "काढ." आणि तो काढायचा. नंतर कधीकधी बाजार खरंच फिरायचा. मग धनेश दिवसभर तिला चिडवायचा, आणि ती म्हणायची, "फिरू दे. आपण जेवायला बसू."

श्रीमंत वगैरे झाले नाहीत ते. घर नीट चाललं, वर्षातून दोनदा वज्रेश्वरीला जाणं झालं, आणि मूल होत नाही याबद्दल डॉक्टरांकडे खेटे घालणंही झालं. त्यातल्या त्यात बरं चाललं होतं.

एका वर्षी बाजार बराच काळ शांत होता. विकलेला प्रत्येक पुट फळत होता आणि विकत घेतलेला प्रत्येक खालचा पुट फुकट जात होता. एका दुपारी धनेशनं हिशोब मांडला. सबंध वर्षात खालच्या पुटांवर गेलेली रक्कम बघून त्याचं डोकं फिरलं.

"एवढ्यात स्कूटर आली असती," तो म्हणाला. "एकदा तरी कामाला आला का हा तुझा विमा?"

"वर्षभर दुकान जळलं नाही म्हणून माझ्या ऑफिसात कुणी भांडायला आलं नाही कधी."

"या वेळी नाही घेणार मी."

त्यानं नेहमीच्या तिप्पट पुट विकले आणि खालचा न घेताच तो भाजी आणायला गेला. परत आला तर प्राजक्तानं लॅपटॉपवर बसून खालचे पुट घेऊन टाकले होते, तेही तिप्पट. त्यानं पिशवी ओट्यावर आपटली.

"विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

त्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही. संध्याकाळी तिनं सुकटीची चटणी केली, भाकऱ्या टाकल्या, ताट त्याच्यापुढे ठेवलं. "राग असला तरी जेव," ती म्हणाली. "उद्या बोल माझ्याशी." तो मोबाइल बघत जेवला.

सकाळी ती आरशासमोर वेणी घालत होती. मध्येच तिनं डोकं दोन्ही हातांनी धरलं, "धनेश, डोकं फुटतंय रे माझं," असं म्हणाली, आणि खाली बसली. बसल्या जागीच कलंडली. खालच्या कारखान्यातले दोघं कारागीर धावत वर आले, "भाभी को उठाओ, गाडी बुलाओ," म्हणत त्यांनीच तिला चादरीत घालून खाली नेलं. ठाण्याला नेताना कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत अँब्युलन्स अडकली. धनेश खाली उतरून ट्रकवाल्यांना हात जोडत पुढे पळत होता. मेंदूत रक्तस्राव झालाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती शुद्धीवर आलीच नाही.

आयसीयूबाहेर तो बसून होता तेव्हा त्याचा फोन सारखा वाजत होता. बाहेरदेशी काहीतरी झालं होतं आणि बाजार धडाधड कोसळत होता. मित्रांचे फोन, ॲपचे मेसेज. धनेशनं एकदाही बघितलं नाही. फोन त्यानं मेव्हण्याच्या, भावेशच्या हातात दिला आणि म्हणाला, "बंद कर हे." आठवडा संपायच्या आत प्राजक्ता गेली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. धनेशची आई, आक्का, स्वयंपाकघरात होती. त्यानं लॅपटॉप उघडला. एक्स्पायरीची तारीख केव्हाच होऊन गेली होती, सौदे आपोआप मिटले होते. खातं रिकामं झालं असणार, असं धरूनच तो बसला होता. आणि ते त्याला चाललंही असतं. पण खात्यात बहुतेक सगळा पैसा होता. विकलेल्या पुटांनी त्याला पार धुऊन काढलं असतं, उलट त्यालाच ब्रोकरचं देणं झालं असतं. खालच्या पुटांनी ते नुकसान मध्येच अडवलं होतं. त्या दुपारी तो भाजी घेत असताना तिनं घेतलेल्या पुटांनी.

तो ओरडला नाही, रडलाही नाही. उठून पडघ्याला गेला. हिरामण आणि सासू आनंदीबाई ओटीवर बसले होते. त्यानं त्यांना समजेल असं सगळं सांगितलं.

हिरामणनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला वाचिवलं तिनं. आन तिला कोन वाचवनार व्हता?"

त्यात टोमणा नव्हता. म्हातारा खरोखर विचारत होता.

धनेश पुन्हा सौदे करू लागला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. आक्का सकाळी त्याला चहा द्यायची आणि रिकाम्या खुर्चीवर धुतलेले कपडे ठेवायची; तो ते उचलून पलंगावर ठेवायचा. पहिले काही महिने त्यानं प्राजक्ताच्याच पद्धतीनं काम केलं. पण खालचा पुट घेताना दर वेळी त्याला ती दुपार आठवायची. आपण वाचतो आहोत, याचाच त्याला राग यायला लागला. एका सकाळी त्यानं खालचा घेतला नाही. काही झालं नाही. पुढच्या आठवड्यातही घेतला नाही. मग त्यानं विकायचं प्रमाण वाढवत नेलं.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी बाजार उघडला तोच घसरलेला. धनेश पडद्याकडे बघत बसला. त्याला सगळं कळत होतं. पहिल्या तासातच बाहेर पडला असता तर निम्म्याहून जास्त वाचलं असतं. बटण समोर होतं. "थांब, फिरेल," तो मोठ्यानं म्हणाला. शेजारून कुणी काही बोललं नाही. तो पुन्हा म्हणाला, "फिरेल आत्ता." लूम खटखटत होते. आक्का बाहेर आली, "कुनाशी बोलतस रे?" म्हणून बघून गेली. तो वाट बघत राहिला. एकच शब्द ऐकू यावा म्हणून तो तसाच बसून राहिला, आणि आकडे लाल होत गेले. दुपारी खात्यातलं मार्जिन, म्हणजे सौद्यांसाठीची अनामत, संपलं तसे ब्रोकरनंच त्याचे सौदे कापून टाकले. प्राजक्ताचा सगळा वाटा गेला.

हे सांगायलाही त्याला पडघ्यालाच जायचं होतं. दोन रविवार तो एस.टी. स्टँडवर जाऊन परत आला. तिसऱ्या रविवारी गेला.

"मामा, प्राजक्ताचा पैसा घालवला मी," उंबऱ्यातच उभा राहून तो म्हणाला.

भावेश आतून ताडकन बाहेर आला. "काय? सगळा? बाबांनी गावाशी वैर घेऊन दिलेला पैसा, आणि तू..."

"भावेश, आत जा," आनंदीबाई म्हणाल्या.

हिरामण खाटेवर बसला होता. त्यानं कसा गेला, किती गेला, काहीच विचारलं नाही. मुलीच्या चितेपाशी हा माणूस रडला नव्हता. तेराव्याला पंगतीत उभं राहून त्यानं लोकांना आग्रह करून वाढलं होतं.

"पैशाचं न्हाय रं," तो म्हणाला. "माज्या पोरीच्या नावाचं काय तरी चालू हाय, असं वाटं मना. सकाली उठलो का वाटं, तिचं कामकाज चालू हाय तिकरं. आता कायच न्हाय राह्यलं." आणि तो दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून मोठ्यानं रडू लागला.

धनेश त्याच्यापाशी जाऊन खाली बसला. त्यानं हात पुढे केला. हिरामणनं तो धरला नाही आणि ढकललाही नाही. आनंदीबाई दाराला टेकून उभ्या होत्या. भावेश आत जाऊन पंख्याखाली बसला होता.

रडणं ओसरलं तसा धनेश बोलला. "ती मला उद्या बोल म्हणाली होती, मामा. मी रागात होतो. बोललो नाही." हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

हिरामणनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "रागात व्हतास, ते तिला म्हाईत व्हतं," तो म्हणाला. "राग बी घरच्याच मानसावर येतो." मग धनेशकडे न बघता म्हणाला, "आता जा तू. काय दिवस येव नको. तुला बगितलं का ती मागनं येल असं वाटतं मना. न्हाय सोसत."

धनेश उठला. आनंदीबाई त्याच्यामागून अंगणाच्या टोकापर्यंत आल्या. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "जेवलास का?" तो हो म्हणाला. जेवला नव्हता, हे त्यांना दिसत होतं, पण त्या परत आत ये असं म्हणू शकल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात त्यानं त्याच जुन्या गोदामात दिवसपाळी धरली. गोदाम हिरामणच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. सुट्टी झाली की बाकीची माणसं त्या घरावरून जाणाऱ्या रस्त्यानं स्टँडकडे जातात. धनेश हायवेच्या कडेकडेनं, धुळीतून, लांबून जातो.