हायड्रोजनचे चार टक्के

ऐलर्टची कॉड मासे धरायची छोटी बोट सकाळी नऊनंतर दिसेनाशी झाली. ऐलर्ट हा गुनवोरचा धाकटा भाऊ, आणि गुनवोर आमच्या संशोधन केंद्राची वैमानिक. जमिनीवर बसून विमान उडवणारी. बचाव दलाचं हेलिकॉप्टर फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, तोंडाशी शोधत होतं. पश्चिमेचा समुद्र धुंडाळायचं काम आमच्याकडे आलं, कारण आमचं मानवरहित विमान हायड्रोजनवर सलग सहा तास उडतं.

हायड्रोजनपासून वीज करणारा, आणि ती करताना पाणी सोडणारा, फ्युएल सेल ही माझी जबाबदारी होती.

“तुझं यंत्र माझ्या नवऱ्यापेक्षा बरं गं पोरी,” गुनवोर नकाशावर शोधायच्या समुद्राच्या पट्ट्या आखत म्हणाली. “पाणी गाळतं, पण कुरकुरत नाही.”

नऊ पट्ट्या झाल्या. सहा तासांत आठ बसत होत्या. नवव्या पट्टीला बारा मिनिटं कमी पडत होती.

“कुठून तरी काढ,” ती म्हणाली. “त्याला पोहता येत नाही, दगड आहे नुसता. पण बोटीवर तो तरंगता, उबदार सूट घालतो. सुटात माणूस तग धरतो.”

कुठून काढायची ते मला माहीत होतं. सेलची झडप दर अर्ध्या मिनिटाला उघडून साचलेलं पाणी बाहेर टाकते. सोबत हायड्रोजनही जातो, एकूण चार टक्के. सहा तासांचे चार टक्के म्हणजे चौदा मिनिटं. मी झडप दर तीन मिनिटांनी उघडेल असं केलं; त्यातली बारा वाचत होती. प्रयोगशाळेत तसं तासभर चाललं होतं.

पाचव्या तासाला, सातवी पट्टी संपताना, व्होल्टेज घसरू लागलं. आत पाणी भरलं होतं. मी झडप पुन्हा पुन्हा उघडली. राखीव बॅटरी तीन मिनिटं पुरली, मग पडदा काळा झाला; विमान समुद्रात गेलं. दुसरं विमान नव्हतं.

ऐलर्ट दुसऱ्या दिवशी एका मच्छीमाराला सापडला. सूट अंगात होता. जागा आठव्या पट्टीतली. झडपेला हात लावला नसता, तर ती पट्टी पुरी झाली असती. तो कधी गेला, ते डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही.

दफन झाल्यावर मी गुनवोरच्या घरी गेले आणि झडपेचं सगळं सांगितलं. तिने कॉफी ओतली, स्वतःसाठी नाही.

“त्याच संध्याकाळी उड्डाणाच्या नोंदी वाचल्या मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“मिनिटं मीच मागितली होती ना! तू गप्प राहिली असतीस, तर मीही राहिले असते. आता तू बोललीस, म्हणजे मला रागवावं लागणार.” तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “कॉफी पी. आणि जा. काही दिवस येऊ नकोस, पोरी.”