आठ खण हलवले तेव्हा

मेहकरच्या त्या छापखान्यात मी लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि खिळे जुळवणं म्हणजे काय ते मलाच कळतं, अशी माझी समजूत होती. अकोल्याच्या मोठ्या प्रेसमध्ये चार वर्षं काढली होती ना! उथळ पाण्याला खळखळाट फार, तशी गत. सदुसष्ट साल होतं. मालक वामनराव, मी गोपाळ, आणि पंचवीस वर्षं एकाच स्टुलावर बसणारे मार्तंड मास्तर, एवढाच आमचा कारभार. मशीन मालक स्वतःच पायानं चालवायचे.

आता शिशाचे खिळे कुणी पाहिलेले नसतात, म्हणून सांगतो. एक अक्षर म्हणजे एक खिळा. लाकडाच्या मोठ्या केसमध्ये शेकडो खण, आणि एका खणात एकच अक्षर. उजव्या हातानं खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे एका ओळीच्या धातूच्या खाचेत, उभा करायचा, ओळ भरली की पत्र्याच्या गॅलीवर उतरवायची. छापून झालं की प्रत्येक खिळा परत आपल्या खणात. नवखा माणूस प्रत्येक खणाकडे बघत बसतो. मास्तर बघत नसत. ते समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसत आणि हात आपोआप चालत.

त्यांच्या युक्त्या बघण्यासारख्या होत्या. मालकांनी म्हणावं, "मास्तर, खालून तिसरी ओळ वर घ्या." मास्तर गॅलीच्या कडेनं अंगठा वर सरकवत नेत, तीनवर थांबत, ओळीच्या दोन्ही टोकांना बोटं लावत आणि अख्खी ओळ उचलून वर नेऊन बसवत. एक खिळा पडत नसे. तेच मी केलं की निम्मी ओळ जमिनीवर, आणि मग मी ओणवा होऊन वेचत बसलेला. 'यांचे', 'रोजी', 'कृपाभिलाषी' असले रोजचे शब्द त्यांनी दोऱ्यानं बांधून एका डब्यात ठेवलेले असत. शब्द आला की दोरा सोडायचा आणि सबंध बसवायचा. "एकदा लावलेलं पुन्हा काऊन लावावं बे?" असं म्हणत.

त्यांची एकच गोष्ट मला खटकायची. मजकुराचा कागद ते हातात घेत नसत. "तू वाच, मी लावतो," म्हणत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला मोठेपणा हवा. मी काय पुराणिक आहे, की रोज यांच्यापुढे पोथी वाचू? पण मालकांचा मास्तरांवर जीव, म्हणून मी तोंड वाकडं करून वाचायचो. मास्तर चष्मा लावायचे, चालताना कशाला धडकायचे नाहीत, चहाचा कप बरोबर उचलायचे. मला शंका यावी असं काहीच नव्हतं. आणि खरं म्हणजे स्वतःशिवाय दुसऱ्या कुणाकडे नीट बघायची मला सवयच नव्हती.

आमची केस कुठल्याशा बंद पडलेल्या प्रेसची, जुनी घेतलेली होती. तिची मांडणी कुणी केली होती देव जाणे. 'ठ' आणि 'ढ' ही कधीमधी लागणारी अक्षरं हाताशी, ऐसपैस खणात. आणि 'र' अन् 'न', ज्यांच्याशिवाय मराठीचं एक वाक्य होत नाही, ती पार वरच्या कोपऱ्यात. दिवसातून हजार वेळा हात वर. एका सुट्टीच्या दिवशी मी मालकांकडून किल्ली मागून घेतली, एकटाच बसलो आणि आठ खण रिकामे करून त्यांची आपसांत अदलाबदल केली. र खाली आला, न खाली आला. कुणी चुकू नये म्हणून आठही खणांवर लाल शाईनं अक्षर लिहून चिठ्ठ्या डकवल्या. उद्या मास्तर बघतील, चकित होतील, "वा बे गोपाळ" म्हणतील. हे ऐकायची मला भूक होती, ते कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले, बसले, चष्मा पुसला. चिठ्ठ्या त्यांच्या नाकासमोर होत्या. ते काहीच बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, बघा, कौतुक करायला जीभ जड होते म्हाताऱ्याची. मीही मग हट्टानं गप्प बसलो.

तेवढ्यात जानेफळचे उत्तमराव आले. मोठे शेतकरी, पण त्या दिवशी डोक्याचे केस काढलेले, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा.

"माय गेली," ते वामनरावांना म्हणाले. "सोमवारी तेरवी आहे. पत्रिका आजच पायजेत. घेऊनच जातो."

मी मजकूर वाचू लागलो आणि मास्तरांचा हात चालू लागला. मधे एकदा तो थांबला. "आज खण भरलेला लागून राह्यला बे," ते म्हणाले. मी म्हणालो, "हाव." त्यांना कळलंय, उगाच खवचटपणा करताहेत, असंच मला वाटलं. अर्ध्या तासात पत्रिका जुळली. उत्तमरावांना काकांचं नाव वर हवं होतं. मास्तरांनी अंगठ्यानं ओळी मोजल्या आणि ती ओळ उचलून वर बसवली. वामनरावांनी प्रूफ काढलं आणि उत्तमरावांच्या हातात दिलं.

उत्तमराव वाचता वाचता थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला.

"कैलासवासी गोजठबाई? हे माह्या मायचं नाव आहे काय हो? आणि हे काय, दुःखद ढिधढ? चेष्टा लावली काय मेलेल्या मानसाची?"

मला त्याच क्षणी कळलं. र च्या जागी ठ, न च्या जागी ढ. मी बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं: मालक, खण मी हलवले. पण मी बोललो नाही. माझ्या मनात काय आलं तेही सांगतो. मला वाटलं, जुन्या सवयीनं हात गेला म्हाताऱ्याचा, चिठ्ठ्या वाचायला काय झालं होतं? खाऊ द्या एकदा बोलणी.

वामनराव कधी आवाज चढवत नसत, पण पार्टीसमोर त्यांची शोभा झाली होती. त्यांनी प्रूफ मास्तरांपुढे धरलं. "मास्तर, काय लावलं हे? तुम्हीच वाचा."

मास्तरांनी कागद घेतला. चष्मा सारखा केला. कागद डोळ्यांपासून बरोबर हातभर अंतरावर धरला आणि खणखणीत आवाजात वाचू लागले:

"आमच्या मातोश्री कैलासवासी गोजरबाई यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले. त्यांची तेरवी सोमवार रोजी मौजे जानेफळ येथे आमचे राहते घरी करण्याचे योजिले आहे..."

शेवटच्या कृपाभिलाषीपर्यंत त्यांनी एका दमात वाचलं. कुठं अडखळले नाहीत. कागदावर जे नव्हतं ते सगळं त्यांनी वाचलं. मग मान वर करून विचारलं, "यात चूक कुठी आहे मालक?"

वामनराव कागदाकडे बघत होते, मग मास्तरांच्या चष्म्याकडे. मास्तरांना त्या गप्पपणातूनच समजलं असावं. ते कागदावरून बोट फिरवू लागले. उत्तमरावांनी पुढे होऊन तो त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला.

"राहू द्या," ते म्हणाले. "माय कुठी शिकेल होती. तिले काय त्याचं. दुसरी लावा, मी बसतो बाहीर."

तेव्हा माझी वाचा फुटली. "खण मी हलवले मालक. चिठ्ठ्या लावल्या होत्या..." मास्तरांची बोटं केसवर गेली आणि चिठ्ठीच्या कडेवरून फिरली. "हे तू लावले काय? मले वाटलं, लाकूड तडकलं म्हणून मालकानं कागद चिकटवला."

मग ते खाली मान घालून सांगू लागले. दोन वर्षं झाली होती. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, डोळ्याच्या मागची नस सुकली, ऑपरेशन करून उपयोग नाही. माणूस, भिंत, दार एवढं धुरकट दिसत होतं, अक्षर नाही. बायकोशिवाय, कोकिळाबाईंशिवाय, कुणाला ठाऊक नव्हतं. मुलगी शरयू बुलढाण्याला मास्तरीण व्हायचं ट्रेनिंग घेत होती, तिलाही नाही.

"तिचं उन्हाळ्यात संपते मालक. तिले शाळा भेटली का मी घरीच बसतो. तवर बसू द्या मले अठी."

"मास्तर, पुन्हा असं झालं तर लोकांना मी काय सांगू?" वामनराव म्हणाले.

मास्तर माझ्याकडे वळले. "गोपाळ, हात धर माहा. कोणते कोणते हलवले, दाखव."

मी त्यांचा हात धरला. बोटांची टोकं शिशानं काळी आणि गुळगुळीत झालेली. एकेका खणात त्यांची बोटं ठेवत मी सांगत गेलो, र, न, त, ठ... आठही. त्यांनी एकदा माझ्याबरोबर फिरवली, एकदा स्वतः. मग म्हणाले, "चांगलं केलं बे. हात कमी जाते." ज्या शाबासकीसाठी मी मरत होतो ती अशी मिळाली. मला मान वर करवेना.

"वाच आता पहिल्यापासून," ते म्हणाले. मी वाचलं आणि त्यांनी लावलं, पूर्वीपेक्षा लवकर. वामनरावांनी प्रूफ काढलं, दोनदा वाचलं, उत्तमरावांना दाखवलं. एक मात्रा चुकली नव्हती. वामनरावांनी डोळे पुसले. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "गोपाळ, उन्हाळ्यापर्यंत तू असाच वाचत राहशील मास्तरांसाठी? मला काही म्हणायचं नाही. तू हो म्हण, म्हणजे झालं."

सहा महिन्यांचा प्रश्न होता. मास्तर तोंड माझ्या दिशेला करून, ओठ थोडे उघडे ठेवून ऐकत होते. आणि मला ते स्टूल दिसत होतं, खिडकीजवळचं, मोठ्या जुळाऱ्याचं. मास्तर गेले की ते माझंच होतं.

मी म्हणालो, "मालक, मग माझं काम कोण करील?"

बोलायला किती शहाणं वाक्य! मास्तरच म्हणाले, "बराबर आहे त्याचं. त्याच्या पोटावर पाय काऊन द्यावा मी?"

त्यांनी बादलीत हात धुतले, शिसं निघेपर्यंत धुतले, टोपी घातली आणि भिंतीला हात लावत बाहेर पडले. आजवर त्यांनी भिंतीला कधी हात लावला नव्हता. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

महिन्याभरात शरयूचं ट्रेनिंग सुटलं. उन्हाळ्यात तिला सोनाळ्याला एका बिजवराला दिली. तिची लग्नपत्रिका आमच्याकडेच आली होती, मीच लावली. खिडकीजवळच्या स्टुलावर बसून एकट्यानं ती लावायला मला सबंध दुपार लागली. मी वाचलं असतं आणि मास्तरांनी लावलं असतं तर अर्ध्या तासात झाली असती. दोघांचंही काम त्यात होत होतं, कुणाचं अडत नव्हतं. मालकांनी विचारलं त्या दिवशीही मला हे पक्कं ठाऊक होतं.